झूमर उजवीकडे

हिंदी सिनेमातलं प्रेम कसं असतं हे हिरोला विचारू नये. त्याला पुढच्या शिफ्टची घाई असते. हिरॉइनलाही विचारू नये, तिच्या डोळ्यांत चार दिवे खुपत असतात. विचारायचंच तर कॅमेऱ्याला खेटून जो उभा असतो ना, फोकसवाला, त्याला विचारावं. आणि तोही सांगणार नाही, कारण त्यानं काही पाहिलेलंच नसतं!

इनायत अली असा फोकसवाला होता. अंधेरीच्या स्टुडिओत, बोमीबावा नावाच्या पारशी कॅमेरामनच्या हाताखाली. काम ऐकायला सोपं. कॅमेऱ्यापाशी टेप अडकवायची, दुसरं टोक धरून नटीपर्यंत चालत जायचं, तिच्या डोळ्याच्या कडेपाशी ते थांबवायचं आणि अंतर वाचायचं. जमिनीवर खडूनं खुणा करायच्या. मग शॉट सुरू झाला की हात लेन्सच्या कड्यावर आणि नजर त्या खुणांवर. नटी पुढे झुकली की कडं तेवढंच फिरवायचं. चेहरा बघायला मान वर केली की हात चुकलाच समजा, आणि हात चुकला की पडद्यावर तिचं नाक स्वच्छ आणि डोळे धुरकट. त्यामुळे अख्ख्या देशानं ज्या चेहऱ्यांवर जीव टाकला त्यांच्या हातभर अंतरावर इनायत आयुष्यभर उभा राहिला आणि बघत राहिला जमिनीकडे. कुणी विचारलं, "काय रे, ती रडताना कशी दिसते?" तर हा म्हणायचा, "मला काय माहीत? मी काम करत होतो."

स्वभावही तसाच. बोलायचं म्हणजे याच्या जिवावर यायचं. माहीमला एका खोलीत अम्मीबरोबर राहायचा. अम्मी लग्नाचं काढायची आणि हा उठून चपला घालायचा.

आणि अशा माणसाचा जीव जडला कुणावर, तर सिपोरा वाक्रूळकरवर. युनिटमध्ये एका बाजूला सगळ्यांची तोंडं ठेवली आणि दुसऱ्या बाजूला सिपोराचं एकटीचं, तरी तिचंच पारडं खाली गेलं असतं. हेअरड्रेसर होती ती. भायखळ्याची, बेने इस्रायल ज्यू. बाप रेल्वेच्या कारखान्यात. शनिवारी तिचा शब्बाथ, त्या दिवशी जगबुडी झाली तरी कामाला यायची नाही, मग मॅडमच्या, म्हणजे हिरॉइनच्या, अंबाड्याचं काय व्हायचं ते होवो. आणि दर शनिवारी बोमीबावा सगळ्यांसमोर ओरडायचा, "अरे गधेड्या, आज शनिवार! आज तुझा फोकस सॉफ्ट जाणार, सगळं धुरकट, मला ठाऊक आहे साला!"

सगळं युनिट हसायचं आणि इनायत टेप गुंडाळत बसायचा.

सिपोराला कळत नव्हतं असं थोडंच आहे? बायकांना कळतं हो. तिच्या नव्या वर्षाला ती नारळाच्या दुधातला हलवा आणायची, वड्या पाडून. सगळ्यांना एकेक आणि इनायतला दोन. तो एक खायचा आणि एक रुमालात बांधून न्यायचा. ती बघायची आणि म्हणायची, "काय हो इनायतमियाँ, घरी जाऊन मोजमाप घेता का माझ्या वडीचं?"

"अम्मीला नेतो," हा म्हणायचा. खोटं. अम्मीला त्या वडीचा वाससुद्धा लागला नाही कधी.

एकदा मॅडमच्या डोळ्यापाशी टेप धरून तो उभा होता आणि सिपोरा मागून पिना खोचत होती. ती हळूच म्हणाली, "बाकी तुमची टेप रोज बाईच्या डोळ्यांपर्यंत येते आणि तिथूनच परत जाते. पुढे म्हणून काही जात नाही!" मॅडम एवढ्या जोरात हसल्या की काजळ विस्कटलं. इनायतचे कान तापले, तरी त्यानं अंतर बरोबर वाचलं.

ते दिवस एका नवाबी चित्रपटाचे होते. फरहतसाहेब दिग्दर्शक. सौंदर्यासाठी वेडा माणूस! महालाचा सेट उभा केला होता. खांबांना आरशाचे तुकडे, कमानींना अंगूरी रंगाचे झिरझिरीत पडदे, लोबानाचा धूर. तो धूर उतरत्या उन्हासारखा दिसावा म्हणून एका मोठ्या दिव्याला पिवळा कागद लावलेला, आणि पडदे हलावेत म्हणून दोन माणसं आडोशाला पंखे धरून बसलेली. पडद्याची एक चुणी चुकली की साहेब शॉट थांबवायचे. निर्माता डोकं धरून बसायचा. पण खरं सांगायचं तर त्या सेटवर शिरलं की चहावाल्याचाही आवाज आपोआप खाली यायचा.

त्याच सेटवर, मॅडमच्या केसांत झूमर लावून झाल्यावर सिपोरानं सांगितलं. झूमर म्हणजे भांगाच्या कडेला खोवायचा मोत्यांचा पंखा, कपाळावर तिरपा रुळणारा. तो डाव्या बाजूलाच लावतात. सिपोरानं तो डोळे मिटूनही बरोबर लावला असता. मॅडम उठून गेल्या आणि ती इनायतकडे न बघताच म्हणाली, "आम्ही जातोय. इस्रायलला. सगळं घर. पुढच्या महिन्यात."

इनायतच्या हातातली टेप सर्रकन डबीत शिरली.

"बाबांचं ठरलंय. तिकडे मामानं मुलगा बघून ठेवलाय माझ्यासाठी. विमानाची दुरुस्ती करतो म्हणे." तिनं तोंडातली पिन काढली. "माझं अजून ठरलेलं नाही. भायखळ्याला मावशी आहे. मी राहूही शकते तिच्याकडे. कारण असलं तर."

आता याच्यापेक्षा उघड बाईमाणसानं काय बोलायचं? दार सताड उघडून आत या म्हणायचं फक्त बाकी राहिलं होतं.

इनायत म्हणाला, "अच्छा."

बस, एवढंच! मग म्हणे रात्रभर छताकडे बघत पडला होता. 'जाऊ नको' हे दोन शब्द. हे दोन शब्द सिपोरा विमानात बसायच्या आत तोंडातून निघतात की नाही, एवढाच प्रश्न होता त्याच्या आयुष्याचा. रोज ठरवून निघायचा. आज बोलायचंच. स्टुडिओच्या फाटकापर्यंत शब्द ओठांवर असायचे, आणि ती समोर आली की हा चपलेकडे बघायला लागायचा. ती यहुदी, आपण मुसलमान, आपली एक खोली, अम्मी काय म्हणेल, तिचा बाप काय म्हणेल. सगळ्यांच्या वतीनं तो स्वतःला नाही म्हणत होता. कुणी त्याला विचारलंच नव्हतं!

सिपोराचा शेवटचा दिवस उजाडला. त्या सेटचाही तो शेवटचाच दिवस. दुसऱ्या दिवशी सुतार येऊन महाल मोडणार होते. आणि नेमका एक शॉट राहून गेलेला. निकाहाचा प्रसंग. नवरी ओढणीच्या आडून बघते आणि समोर वऱ्हाडात तिला तो दिसतो, जो नवरा नाही पण ज्याच्यावर तिचा जीव आहे. फक्त डोळ्यांचा क्लोजअप. हिरोचे शॉट केव्हाच झाले होते आणि मॅडम सकाळीच मद्रासला निघून गेल्या होत्या.

फरहतसाहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. मग एकदम म्हणाले, "खालचा चेहरा ओढणीत आहे. डोळेच हवेत ना? डोळे आणा कुठून तरी!" युनिटमधल्या एकूण एक बाईला दिव्यासमोर उभं केलं. नाचणाऱ्या मुली झाल्या, शिंपीणबाई झाल्या. मग साहेबांची नजर सिपोरावर गेली आणि तिथंच थांबली.

"वाक्रूळकर, बसा."

"अहो साहेब, मी कुठे..."

"बसा म्हटलं ना!"

तिनं स्वतःचं स्वतःच काजळ घातलं. आरशात बघून झूमर लावला, डाव्या बाजूला. ओढणी नाकावर ओढली. दिवे लागले आणि पंखेवालेसुद्धा पंखे फिरवायचे विसरून बघत राहिले.

इनायत टेप घेऊन गेला. एवढ्या जवळचा शॉट आणि फोकस इतका नाजूक, की तिनं श्वास घेतला तरी डोळे धुरकट व्हायचे. टेपचं टोक त्यानं तिच्या डोळ्याच्या कडेपाशी धरलं. पहिल्यांदाच धरत होता.

ओढणीतून ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "इनायतमियाँ, आज तरी मान वर करा."

तो परत आला. लेन्सच्या डाव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी. उजव्या बाजूला गुलशन उभा राहिला. हा मदतनीस दिग्दर्शक. हिरो नसला की त्याच्या जागी कुणीतरी लेन्सच्या शेजारी मूठ धरून उभं राहतं, म्हणजे नटीला कुठं बघायचं ते कळतं. त्याला 'लुक देणं' म्हणतात. हिरो पडद्यावर ज्या बाजूला असेल त्याच बाजूला मूठ हवी, नाहीतर सिनेमात दोघं भलतीकडेच बघताना दिसतात. गुलशननं मूठ वर केली. "बाई, इकडे हं. माझ्या मुठीकडे."

इनायतच्या मनात एकच गोष्ट होती. तिच्या जन्मातला हा एकच शॉट. दुसऱ्यांचे केस विंचरण्यात आयुष्य गेलं, आज पहिल्यांदा दिवा तिच्यावर आहे. हा शॉट सॉफ्ट जाता कामा नये. त्यानं दात आवळले, कडं धरलं आणि नजर खाली रोवली. तिनं सांगितलं होतं मान वर करा. केली नाही. तिच्यासाठीच केली नाही, हे कुणाला समजावून सांगणार?

शॉट झाला. साहेब "कट" म्हणायचंच विसरले. फिल्म संपेपर्यंत कॅमेरा चालत राहिला. मग बघतात तर साहेब रुमाल शोधतायत, बोमीबावा चष्मा पुसतोय.

"ओके," साहेब म्हणाले. "पॅकअप."

सिपोरा उठली. ओढणी काढून घडी केली. सरळ इनायतसमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांतलं काजळ अजून ओलं होतं.

"मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा. कसा झाला?"

आणि इनायतनं, देवा रे देवा, इनायतनं मान वर केली, अभिमानानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एकदम शार्प."

ती क्षणभर बघत राहिली. मग हसली. "तुमचं काम चोख आहे हो," म्हणाली, पिनांची पेटी उचलली आणि गेली. ती काय विचारत होती ते त्याला कळलं नाही. घरी जाताना तो खूश होता. हसली ना ती! उद्या भायखळ्याला जाऊन बोलूच, असंही त्यानं ठरवलं. दोन दिवसांनी धीर करून गेला तेव्हा घराला कुलूप होतं.

चित्रपट लागायला पुढे दोन वर्षं गेली. तोवर सिपोराच्या मावशीकडून युनिटमध्ये बातमी आली होती की सिपोराचं लग्न झालं, मुलगी झाली, तिकडे सलून काढलंय. इनायतनं "अच्छा" म्हणून टेप गुंडाळली होती.

चित्रपट धो धो चालला. बायका दोन-दोन रुमाल घेऊन जायच्या. जिकडे तिकडे त्या डोळ्यांची चर्चा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, असे डोळे मॅडमनी आजवर कधी दाखवले नव्हते. मॅडमनी नम्रपणे आभार मानले. अहो, मानणारच!

इनायत दुपारच्या खेळाला एकटाच गेला, नेहमीप्रमाणे आपला फोकस तपासायला. निकाहाचा प्रसंग आला. हिरो वऱ्हाडात उभा. मग ते डोळे. थिएटरभर सुस्कारा गेला. इनायतनं त्या दिवशी पहिल्यांदा तिची ती नजर पाहिली आणि त्याच्या छातीत कळ आली. कुणाकडे बघत असेल माणूस असं? कसलं मागणं होतं त्यात, आणि कसला निरोप! असं आपल्याकडे कुणी एकदा बघितलं असतं तर जन्म पुरला असता, असं त्याला वाटलं.

आणि मग त्याला झूमर दिसला.

झूमर उजवीकडे होता.

आधीच्या शॉटमध्ये मॅडमच्या डाव्या बाजूला, आणि इथं उजव्या. हॉलमध्ये शेकडो माणसं होती, कुणाला दिसलं नाही. रडणाऱ्याला झूमर कुठं दिसतो? इनायतला दिसला. सिपोरा चुकली? शक्यच नाही. त्यानं स्वतः पाहिलं होतं, डावीकडेच लावला होता. म्हणजे शॉट उलटा छापला. असं करतात, संकलकाच्या टेबलावर कळतं की नटी भलत्याच बाजूला बघतेय, पुन्हा शॉट घ्यायला ना सेट उरलेला असतो ना नटी, मग फिल्म उलटी करून छापतात. नजर हवी त्या बाजूला वळते, फक्त डावं उजवं होतं.

म्हणजे सिपोरा भलतीकडे बघत होती. गुलशनच्या मुठीकडे नाही. लेन्सच्या दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या बाजूला कोण होतं?

इनायत मध्येच उठला. बाहेर येऊन पायरीवर बसला. मग तसाच अंधेरीला गेला आणि कँटीनमध्ये गुलशनला गाठलं.

"गुलशन, त्या दिवशी ती तुझ्या मुठीकडे बघत नव्हती?"

"छे रे! एकदासुद्धा नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेब रडत होते, ओके म्हणाले. मी कोण मध्ये बोलणारा? पुढे संकलकानं माझी चामडी लोळवली, तो भाग वेगळा." गुलशननं चहाचा कप खाली ठेवला. "पण तू मला काय विचारतोयस? ती तुझ्याकडे बघत होती बाबा. सगळा वेळ. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

इनायत कँटीनबाहेर निघाला. त्याला "एकदम शार्प" आठवत होतं.

त्यानंतर त्यानं काम सोडलं नाही की दाढी वाढवली नाही. अम्मी गेली, बोमीबावा गेला, कॅमेरे बदलले. याचे केस पांढरे झाले. लग्न केलं नाही. तो चित्रपट जिथे लागेल तिथे जाऊन बघायचा, एवढाच काय तो नाद. पण दर वेळी जळफळत परत यायचा. पडद्यावर ती नजर हिरोकडे वळलेली! आपल्यासाठी होती ती, आणि हिरोला देऊन टाकली! थिएटरात कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी ती तिकडेच बघायची.

मग एकदा साताऱ्याकडे बाहेरचं शूटिंग होतं. जवळच्या गावात जत्रा भरली होती, आणि जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. पाटीवर ते डोळे रंगवलेले. दिवेलागणीला काम सुटल्यावर इनायत गेला. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं. त्याच्या पुढे पुरुष बसायचे आणि मागे बायका. मागून चित्र उलटं दिसतं, पण बायका आपल्या मोकळेपणानं बसायच्या, त्यांची काही तक्रार नव्हती.

इनायत पुरुषांत बसला होता. अर्धा सिनेमा झाला. आणि अचानक त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उलट्याचं उलटं! म्हातारा ताडकन उठला, लोकांच्या पायांवर पाय देत निघाला आणि कापडाच्या पलीकडे घुसला.

एकच कालवा झाला. "आरं ए बाबा, हिकडं बायका बसत्यात! डोळं फुटलं का तुजं?"

"माय, एवढ्या एका शॉटपुरतं बसू द्या," तो हात जोडून म्हणाला. "एकच. मग जातो."

जाडजूड लुगड्याची एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं त्याला खालवर न्याहाळलं. "बसू द्या गं. आजा हाय कुणाचा तरी. बस हितं."

"इथे नको," तो म्हणाला. "जरा डावीकडे." आणि सरकून सरकून, त्या दिवशी लेन्सच्या बाजूला जितका डावीकडे उभा होता तितका डावीकडे जाऊन बसला. बायका हसल्या. म्हातारीही शेंगांची ओंजळ घेऊन त्याच्या शेजारी सरकली.

निकाह सुरू झाला. कोट भलत्या बाजूला बटणं लावलेला हिरो वऱ्हाडात उभा राहिला. आणि मग कापडभर सिपोराचे डोळे उघडले.

झूमर डावीकडे होता. तिनं लावला होता तिथंच.

आणि ती बघत होती ती सरळ याच्याकडे. हिरोकडे नाही, गुलशनकडे नाही. काजळ भरून आलेलं. जाऊ नको म्हण, राहते मी, असं ते डोळे स्वच्छ म्हणत होते. एवढं स्वच्छ की आंधळ्यालाही कळावं! इनायतनं या वेळी मान खाली घातली नाही.

म्हातारीचा शेंगा फोडणारा हात थांबला. "काय बघतीया गं बाई! कुणाकडं बघायचं म्हणायचं हे?"

"माझ्याकडे," इनायत म्हणाला.

म्हातारीनं मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. हसली नाही. "मग बोल की," ती म्हणाली. "नुसता बसलाईस काय?"

इनायतनं तोंड उघडलं. ते दोन शब्द त्याच्याजवळ तयारच होते, किती वर्षं झाली. तो म्हणाला, सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "जाऊ नको, सिपोरा."

तोवर पडद्यावर हिरो आला होता.